कोंडबाचा ळ

नाव कोंडवानी.
पार्बताबाईनं पहिल्याच रात्री ताट वाढता वाढता
त्याचं कोंडबा करून टाकलं.
"आफ्रिकेतून आला म्हन्ते. कन्या खाते का पाहा."
त्यानं तीनदा मागून खाल्ल्या.
त्याच्या आईच्या हातचं असंच काही असायचं, मक्याचं.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून तो चार महिन्यांसाठी आलेला,
तुरीवरच्या अळ्या मोजायला.
सकाळी शेतात. दुपारी माझ्या पहिलीच्या वर्गात
शेवटच्या तरटपट्टीवर, टोंगळे दुमडून.
माझी नोकरी तेव्हा अकरा महिन्यांची
आणि त्याला ळ येत नव्हता.
आमच्या भाषेत र आणि ल एकाच घरात राहतात, तो सांगायचा,
हाक मारली की कोण बाहेर येईल नेम नाही.
शाळेची कधी शारा व्हायची, कधी शाला.
नर्मदा इंगळे, वय सात, कपाळाला हात लावायची:
"शारा नाही बे कोंडबा, शाया! शाया!"

अख्ख्या पिंपळखुट्यात ळ माझ्या एकटीकडे होता.

दोघांनाही जीभ पलटायला शिकवली, तव्यावरच्या पोळीसारखी.
त्याची एका गुरुवारी पलटली.
बाळ, फळ, मळा, अळी, शाळा,
म्हणत सुटला तो अडाणच्या पुलापर्यंत.
नर्मदाची पलटायला दिवाळी उजाडली.

मग पत्रं. निळी, घडीची, वर्षाला एक.
मास्तर झालो, बाई.
तालुक्याचा साहेब झालो, सरकारी सायकल मिळाली.
निवडणूक हरलो.
निवडणूक हरलो, पण थोडक्यात.
आणि एकदा जाड पांढरं पाकीट, मोहोर उठवलेलं:
आता मी देशाच्या शिक्षणाचा मंत्री आहे.
खाली देवनागरीत एकच शब्द, शाळा,
ळची गाठ उलटी पडलेली.
सरपंचांनी बत्तासे वाटले.
नर्मदा कारंज्याला सासरी. तिला फोन लावला तर म्हणाली,
"माहा इद्यार्थी होय तो."

त्यानं फी माफ केली.
दुसऱ्या दिवशी पोतं उसवावं तशी पोरं आली.
एका मास्तरामागे एकशे चाळीस.
आधी खोल्या संपल्या, मग झाडांच्या सावल्या.
हे त्यानं हातानं लिहिलं होतं.
त्यानंतरची पत्रं टाइप केलेली, सही शिक्क्याची.

आठ वर्षांनी त्याला काढलं.
पुस्तकांच्या छपाईचं काही होतं,
कागद आला नाही, की आला आणि दुसरीकडे गेला.
सही माझी होती बाई, पैसा माझा नव्हता, एवढंच त्यानं लिहिलं.
मी विश्वास ठेवला.
म्हणजे, ठेवायचं ठरवलं.

यंदा आमच्या शाळेचं पत्र आलं.
पटसंख्या सात. समायोजन. पाच किलोमीटरवर मोठी शाळा,
गाडी येणार आहे, असं म्हणतात.
मी त्याला विचारलं,
अशा कागदावर सही करताना काय वाटतं रे?
त्याच्या नातीच्या फोनवरून आवाज आला,
म्हातारा, मोडकं मराठी, मागे कोंबडा:
"बाई, मी एकशे बारा बंद केल्या.
यादी होती. यादीत गावं होती.
मी गावांची नावं मोठ्यानं नाही वाचली.
मोठ्यानं वाचली असती, तर"
आणि मग बराच वेळ नुसता कोंबडा.

मी ते तीनदा ऐकलं.
शाळा शब्द चारदा आला होता, चारही वेळा बरोबर.

शनिवारी हजेरी मोठ्यानं घेतली. सात नावं, आडनावासकट.
सातवा, पहिलीतला प्रज्वल, उभाच राहिला.
"बाई, सोमवारपासून मंग शाया कोनती?"

"शाळा," मी म्हटलं.
"जीभ वर घे. हं. आता पलटव."